प्रेमपत्र, पैसे आणि तिसरा माणूस

१९ जुलै १६९५ रोजी लंडनच्या एका साप्ताहिकात एक छोटी जाहिरात छापून आली. हे साप्ताहिक शेती आणि व्यापार यांच्या सुधारणेसाठी चालवले जात होते. त्याचा संपादक जॉन हौटन हा औषधांचा व्यापारी आणि रॉयल सोसायटीचा सदस्य. बाजारभाव आणि शेतीची माहिती देणाऱ्या या पत्रात एका गृहस्थाने कळवले होते, की आपले वय तीसच्या आसपास आहे, मालमत्ता उत्तम आहे, आणि जिच्याजवळ सुमारे तीन हजार पौंडांची संपत्ती आहे अशा तरुण स्त्रीशी विवाह करण्याची आपली इच्छा आहे. इंग्रजीतील विवाहविषयक जाहिरातींत ही अगदी सुरुवातीची मानली जाते.

या जाहिरातीत काही खोटे होते असे म्हणायला आधार नाही. गृहस्थ खरोखरच मालदार असेल. पण वाचणाऱ्या बाईला ते कळणार कसे? गावात एखादे स्थळ सांगून आले तर ते सांगणारा कोणीतरी असतो. तो मुलाच्या बापाला ओळखतो, घर पाहून आलेला असतो, आणि पुढे काही खोटे निघाले तर लोक त्याच्या दाराशी येऊन जाब विचारू शकतात. छापील जाहिरातीत हा माणूस गळला. दोन अनोळखी माणसे थेट एकमेकांसमोर आली आणि त्यांच्यामध्ये फक्त कागद उरला.

आज इंटरनेटवरील ओळखींतून, विवाहाच्या संकेतस्थळांवरून किंवा मोबाइलवरील ॲपमधून प्रेमाच्या नावाखाली लोकांना लुबाडले जाते, त्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. बातमी वाचून झाली की दोनपैकी एक उद्गार निघतो. ‘काय हे तंत्रज्ञान!’ किंवा ‘इतकी शिकलेली माणसे, आणि इतकी भोळी!’ हे दोन्ही उद्गार इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत. ही फसवणूक तंत्रज्ञानाहून फार जुनी आहे, आणि तिला बळी पडलेल्यांत अतिशय बुद्धिमान माणसे आहेत. मग ती चालते कशाच्या जोरावर? या लेखात आपण त्या गळलेल्या तिसऱ्या माणसाचा माग काढत जाऊ.

चौकशी

आपल्याकडे सोयरीक जुळवण्याआधी ‘चौकशी’ करण्याची रीत होती आणि बऱ्याच घरांत अजून आहे. मुलाचे गाव कळले की त्या गावात आपले कोण आहे हे आधी आठवायचे. मग कोणी मावसभाऊ, कोणी जुना सहकारी गाठून विचारायचे: नोकरी खरी आहे का, घर स्वतःचे आहे का, आधीचे लग्न वगैरे काही भानगड नाही ना?

या रीतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. याच चौकशीत जात विचारली जाई, हुंड्याचा आकडा ठरे, आणि जिचे लग्न व्हायचे तिचे मत शेवटी कोणीतरी विचारले तर विचारले. विधवा, घटस्फोटित, वय वाढलेले, अपंग, घरच्यांशी न पटणारे अशा माणसांसाठी तर मध्यस्थ कधी पुढे येतच नसे. जाहिरात आणि नंतर संकेतस्थळे यांची खरी गरज याच माणसांना होती. ठगांना गिऱ्हाईक कोठे सापडते याचे उत्तरही येथेच आहे. समाजाने ज्यांच्यासाठी चौकशी करायचे सोडून दिले, त्यांच्यापर्यंत ठग सर्वांत आधी पोचला.

स्पेनमधला कैदी

फ्रान्समध्ये यूजेन व्हिदोक नावाचा एक विलक्षण माणूस होऊन गेला (१७७५–१८५७). आधी गुन्हेगार, मग पॅरिसच्या गुप्त पोलिसदलाचा प्रमुख. चोरांच्या तऱ्हांविषयी त्याने १८३० च्या दशकात एक पुस्तक लिहिले. त्यात तुरुंगातील कैदी बाहेरच्या श्रीमंतांना पाठवत त्या पत्रांचे वर्णन आहे. ‘जेरुसलेमची पत्रे’ असे त्यांचे टोपणनाव होते. मजकूर साधारण असा: मी अमुक उमरावाचा सेवक, क्रांतीच्या धामधुमीत पळताना आम्ही जवाहिरांची पेटी एका जागी लपवली, ती काढायला थोडा पैसा हवा आहे. व्हिदोकच्या म्हणण्याप्रमाणे शंभर पत्रे गेली की वीसांना तरी उत्तर येई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच युक्ती ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने इंग्लंड-अमेरिकेत पसरली. एव्हाना टपाल स्वस्त झाले होते. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. हिंदुस्थानात १८५४ साली अर्ध्या आण्यात पाव तोळा वजनाचे पत्र कितीही लांब जाऊ लागले. स्पॅनिश कैदीही आता परदेशात दूरदूरच्या लोकांना लिहू लागला. मी स्पेनमध्ये अन्यायाने कैदेत आहे, माझी संपत्ती एका पेटीत अडकली आहे, आणि माझी एक तरुण मुलगी निराधार आहे. पेटी सोडवा, तिसरा हिस्सा तुमचा, आणि मुलीलाही तुम्हीच आधार द्या. मुलगी देखणी असल्याचे सूचित केलेले असे. लोभ आणि करुणा यांच्या जोडीला आता शृंगाराचाही थोडा शिडकावा झाला.

या पत्रांत दोन गोष्टी जवळजवळ हटकून असत. पहिली म्हणजे गुप्ततेची विनंती: कोणाला सांगू नका, माझा जीव धोक्यात येईल. दुसरी गोष्ट अधिक धूर्त आहे. काही दिवसांनी दुसरे पत्र येई, ते तुरुंगातल्या धर्मगुरूचे. कैदी भला माणूस आहे, त्याची प्रकृती ढासळत आहे, पैसे लवकर पाठवा. म्हणजे खरा तिसरा माणूस दूर ठेवायचा आणि त्याच्या जागी आपला बनावट तिसरा माणूस उभा करायचा. आजच्या फसवणुकीत हा धर्मगुरू कोणत्या वेषात येतो ते पुढे पाहू.

दोन खून खटले

१९०८ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावाबाहेरचे एक शेतघर जळाले. मालकीण बेल गनेस, मूळची नॉर्वेची, विधवा. नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्यांसाठी त्यांच्या भाषेत वृत्तपत्रे निघत. त्यांत ती विवाहेच्छू म्हणून जाहिराती देई. दूरदूरच्या वस्त्यांवर एकटे शेती करणारे नॉर्वेजियन पुरुष ती वाचत. आपली भाषा, आपल्याकडचे जेवण, आपल्यासारखी बाई. यापेक्षा जास्त खात्री कशाला हवी?

साउथ डकोटातील एका शेतकऱ्याशी तिचा पत्रव्यवहार वर्षभराहून अधिक काळ चालला. पत्रांतून ती दोन गोष्टी पुन्हापुन्हा सांगत होती. सगळे विकून रोख रक्कम घेऊन ये, आणि याविषयी कोणाशीही, अगदी जवळच्या नातेवाइकाशीही बोलू नकोस. जानेवारी १९०८ मध्ये तो आला आणि बँकेतून पैसे काढल्यावर पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याच्या भावाला घरात तिची पत्रे सापडली. त्याने तिला विचारले, तिने उडवाउडवी केली. आगीची बातमी वाचून हा भाऊ स्वतः ला पोर्टला पोचला आणि आवारात खणायला लावले. मे महिन्यात तेथे दहाहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. त्यांत त्याचा भाऊ होता. आगीत सापडलेले स्त्रीचे शव बेलचेच होते की ती निसटली, हे कधीच निर्विवाद ठरले नाही.

दुसरा खटला पॅरिसचा. पहिल्या महायुद्धाने फ्रान्समध्ये असंख्य विधवा मागे ठेवल्या होत्या. आँरी लांद्रू हा पन्नाशीकडे झुकलेला, टक्कल पडलेला, काळी दाढी राखणारा गृहस्थ १९१५ पासून वेगवेगळ्या नावांनी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊ लागला: विधुर, सुस्थितीत, विवाहासाठी विधवेची ओळख इच्छितो. शेकडो स्त्रियांशी त्याने संपर्क साधला. तो हिशोबाला अतिशय चोख होता. त्याच्या वहीत बायकांची नावे होती आणि रेल्वेच्या तिकिटांचा खर्चही होता. पॅरिसहून आपल्या खेड्यातल्या बंगल्याकडे जाताना स्वतःसाठी जाण्या-येण्याचे तिकीट आणि बरोबरच्या बाईसाठी फक्त जाण्याचे. न्यायालयात या नोंदींचा मोठा उपयोग झाला. दहा स्त्रिया आणि एका मुलाच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला आणि २५ फेब्रुवारी १९२२ रोजी व्हर्सायमध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

त्याला पकडले कसे? पोलिसांच्या हुशारीचा यात फार मोठा वाटा नाही. गांबे या खेड्याच्या महापौराकडे दोन वेगवेगळ्या कुटुंबांची पत्रे आली. एका बाईची बहीण विचारत होती, दुसऱ्या बाईच्या घरचे विचारत होते. दोघींना घेऊन येणाऱ्या पुरुषाची नावे वेगळी, पण वर्णन आणि बंगला एकच. महापौराने या दोन कुटुंबांची गाठ घालून दिली. चार वर्षे चाललेला उद्योग, ज्यांना काही कळू नये अशी व्यवस्था लांद्रूने केली होती, त्या नातेवाइकांच्या दोन पत्रांनी उघडा पडला.

अर्थात हे टोकाचे खटले आहेत. बहुतेक ठगांना खुनाची गरज नसते. बळी शेकडो मैल दूर असेल तर पत्रे थांबवली की काम झाले.

पत्र लिहिणार कोण?

येथे एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्या. प्रेमपत्र लिहायला वेळ लागतो. एक माणूस एका वेळी किती जणांवर प्रेम करू शकेल? हा या धंद्याचा खरा खर्च आहे, आणि त्याचा इतिहास हा मोठ्या अंशी हा खर्च कमी करण्याचा इतिहास आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका इसमाने यावर छापखान्याचा उपाय काढला. ‘चोंडा-झा’ नावाच्या एका निसर्गरम्य आश्रमात प्रेमळ तरुणी राहतात, असे त्याने रचले. देशभरातील हजारो एकाकी पुरुषांना या तरुणींची ‘व्यक्तिगत’ पत्रे जात आणि आश्रमासाठी देणग्या मागितल्या जात. पत्रे मोठ्या संख्येने छापलेली असत. १९८८ साली टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल तो दोषी ठरला. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की फसलेल्यांपैकी काही जण न्यायालयात त्याच्या बाजूने बोलायला आले. त्या पत्रांनी आम्हाला आधार दिला, असे त्यांचे म्हणणे होते. हसू येण्याआधी थोडे थांबावे. पत्र छापील होते, पण ते वाचताना मनात उमटलेली भावना त्यांचीच होती.

संज्ञापनाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ साली या प्रकाराची कारणे मांडली. समोरासमोर भेटीत माणसाचा आवाज, अवघडलेपणा, कपडे, सारे दिसते. लिखाणात तो निवडून तेवढेच दाखवतो, आणि न दाखवलेल्या जागा वाचणारा आपल्या मनाजोगत्या रंगांनी भरून काढतो. त्यामुळे न भेटलेल्या माणसाबद्दल भेटलेल्यापेक्षाही जास्त जवळीक वाटू शकते. यात वेडेपणा काही नाही. कादंबरीतल्या पात्रासाठी आपण रडतो ते याच क्षमतेने.

यापुढची पायरी म्हणजे पत्र लिहिणारे यंत्रच. रॉबर्ट एपस्टाइन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. संगणक आणि माणूस यांच्यातला फरक संभाषणावरून ओळखण्याच्या स्पर्धा भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. त्या विषयावरचा ग्रंथही त्यांनी इतरांबरोबर संपादित केला आहे. याच एपस्टाइन यांनी २००७ साली एका लेखात लिहिले, की इंटरनेटवर ओळख झालेल्या ‘इव्हाना’ नावाच्या रशियन तरुणीशी आपला काही महिने पत्रव्यवहार चालला होता आणि ती बाई नसून संगणकाचा कार्यक्रम होता. तिच्या पत्रांत प्रश्नांची नेमकी उत्तरे नसत. तिचे इंग्रजी कच्चे असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केले. शेवटी त्यांनी एक प्रयोग केला. कळफलकावर वाटेल तशी बोटे आपटून तयार झालेली निरर्थक अक्षरे पत्र म्हणून पाठवली. उत्तर नेहमीसारखेच आले, प्रेमळ आणि घरगुती गोष्टींनी भरलेले.

हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. ‘तू खरी आहेस ना?’ असे विचारणे ही चाचणी नव्हे, कारण खरी आणि खोटी दोघीही ‘हो’च म्हणणार. चाचणी म्हणजे जिचा निकाल दोन्ही शक्यतांत वेगवेगळा येईल ती. काही वर्षांपूर्वी व्हिडिओवर चेहरा दाखवायला सांगणे ही बरी चाचणी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी २७ जणांची एक टोळी पकडली. ही माणसे संगणकाच्या साहाय्याने व्हिडिओवर सुंदर तरुणींचे चेहरे धारण करत, आणि त्यांनी सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर उकळले होते. फसलेल्यांत भारतातील पुरुषही होते. या बातमीनंतर ती चाचणी बाद समजावी. सार्वजनिक ठिकाणी प्रत्यक्ष भेट, आणि तो जेथे काम करतो म्हणतो त्या संस्थेचा दूरध्वनी क्रमांक आपण स्वतः शोधून केलेली विचारपूस, या दोन चाचण्या अजून टिकून आहेत. त्याने दिलेल्या क्रमांकावर केलेला दूरध्वनी उपयोगाचा नाही. तेथे धर्मगुरूच बसलेला असतो.

हास्यास्पद पत्राचे गणित

नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील ४१९ वे कलम खोटे सांगून मालमत्ता मिळवण्याविषयी आहे. १९८० च्या दशकापासून तेथून आधी टपालाने, मग फॅक्सने, मग ई-मेलने निघालेल्या पत्रांना त्यामुळे ‘चार-एक-नऊ’ असे नाव पडले. आपल्या ‘चारसोबीस’ची आठवण झाली असेल. भारतीय दंड संहितेतही ४१९ वे कलम होते आणि ते तोतयेगिरीने फसवण्याच्या शिक्षेचे होते, हा मजेदार योगायोग. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आता ठकवणूक ३१८ व्या आणि तोतयेगिरी ३१९ व्या कलमात आहे. बोलीतला चारसोबीस मात्र काही लवकर बदलणार नाही.

ही पत्रे इतकी हास्यास्पद का असत? कोर्मॅक हर्ली या संगणकतज्ज्ञाने २०१२ साली या प्रश्नावर एक सुंदर निबंध लिहिला. त्याचे म्हणणे आपण काल्पनिक आकड्यांनी पाहू. समजा, एक लाख लोकांना पत्र पाठवले. त्यांपैकी शेवटपर्यंत फसून पैसे देतील असे फक्त १०० आहेत. पण ते कोण, हे ठगाला माहीत नाही. पत्र पटण्याजोगे असेल तर समजा ५,००० उत्तरे येतील, त्यांत ८० खरे फसणारे. प्रत्येकाशी १० तास खर्च केले तर ५०,००० तास, म्हणजे एका शिकारीमागे ६२५ तास. उलट पत्र अगदी अविश्वसनीय असेल तर हुशार माणसे हसून सोडून देतील. समजा १५० उत्तरे आली, त्यांत ६० फसणारे. १,५०० तासांत ६० माणसे, म्हणजे प्रत्येकी २५ तास. वीस माणसे हातची गेली, पण मेहनत पंचवीस पटींनी कमी झाली. पत्राचा वेडगळपणा ही चाळणी आहे.

रोगनिदानाच्या चाचण्यांत खोटे होकार टाळण्याचा जो प्रश्न असतो तोच हा. पण या गणितातून आणखी एक निष्कर्ष निघतो. ही चाळणी लागते ती संभाषणाचे तास महाग असतात म्हणून. तास फुकट झाले तर चाळणी कशाला? आता लिखाण करणारी संगणकीय प्रतिमाने कोणत्याही भाषेत, मराठीतही, निर्दोष पत्रे लिहितात. तेव्हा ‘भाषेतल्या चुकांवरून ओळखा’ हा जुना सल्ला विद्यार्थ्यांना देऊ नये.

पाय कसा अडकतो

प्रेमाच्या फसवणुकीत एकदम मोठी रक्कम सहसा मागत नाहीत. १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. घरासमोरच्या हिरवळीवर ‘सावकाश वाहन चालवा’ अशा अर्थाचा भला मोठा, कुरूप फलक लावू द्याल का, असे थेट विचारल्यावर सुमारे १७ टक्के लोकांनी होकार दिला. ज्यांना दोन आठवडे आधी त्याच विषयावरचा लहानसा फलक खिडकीत लावायला सांगितले होते, आणि ज्यांनी तो लावला होता, त्या गटात होकार ७६ टक्क्यांवर गेला. एकदा ‘मी मदत करणारा माणूस आहे’ असे स्वतःचे चित्र मनात बनले की पुढची मागणी त्या चित्राच्या नावाने येते.

मोनिका व्हिट्टी या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने ब्रिटनमधील फसलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन २०१३ साली या फसवणुकीच्या पायऱ्या मांडल्या. आधी आदर्श वाटावी अशी ओळख; मग काही आठवडे वा महिने दररोजचा जिव्हाळा, सकाळचे संदेश, रात्रीचे संदेश; मग एखादी लहानशी मागणी; आणि ती मिळाली की संकटांची मालिका. ओळख जेथे झाली त्या संकेतस्थळावरून लवकरात लवकर खासगी क्रमांकावर बोलणे नेले जाते, कारण संकेतस्थळाचा चालक हाही एक तिसरा माणूसच असतो. समोरची व्यक्ती नेहमी अशा जागी असते की भेट अशक्य: समुद्रातली तेलविहीर, युद्धभूमीवरचे रुग्णालय, परदेशातली लष्करी छावणी. भारतात गाजलेला प्रकार भेटवस्तूचा आहे. परदेशातल्या ‘प्रियकरा’ने पार्सल पाठवले, ते दिल्लीच्या विमानतळावर अडकले, आणि मग एका सीमाशुल्क अधिकाऱ्याचा फोन येतो: शुल्क भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. स्पेनच्या तुरुंगातला धर्मगुरू तो हाच. सीमाशुल्क विभागाने वारंवार जाहीर केले आहे, की फोन करून खासगी खात्यात शुल्क भरायला आम्ही कधीही सांगत नाही, आणि आमच्या प्रत्येक पत्रावर पडताळून पाहता येईल असा क्रमांक असतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ साली अशा सुमारे ७० हजार तक्रारी आल्या. एकूण नुकसान १३० कोटी डॉलर, आणि मध्यक ४,४०० डॉलर. गणिताच्या शिक्षकांनी सरासरी काढायला सांगावी. ती साडेअठरा हजारांच्या पुढे जाते. सरासरी आणि मध्यक यांच्यात एवढे अंतर असते तेव्हा थोड्या माणसांचे सर्वस्व गेलेले असते.

ही झाली फक्त नोंदवलेल्या तक्रारींची बेरीज. व्हिट्टी यांना मुलाखतींत असे आढळले, की या माणसांचे नुकसान दुहेरी असते: पैसे जातात आणि प्रेमाचे माणूसही जाते. काहींना दुसरे नुकसान जास्त जिव्हारी लागले होते. त्यावर लोकांचे हसणे. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने एका बाईची हकिगत दाखवली. हॉलिवूडच्या एका प्रख्यात नटाच्या नावाने तिच्याकडून आठ लाख तीस हजार युरो काढून घेतले होते. देशभर तिची इतकी टिंगल झाली, की वाहिनीला तो कार्यक्रम मागे घ्यावा लागला. असे पाहिल्यावर दुसरी कोणती बाई तोंड उघडेल? ठगाला जी गुप्तता विनवण्या करून मिळवावी लागते ती येथे समाज फुकट पुरवतो. आपल्या शाळेत एखाद्या मुलीचे वा मुलाचे असे काही उघडकीस आले तर शिक्षकांच्या खोलीत पहिले वाक्य काय उच्चारले जाते, याचा विचार करायला हरकत नाही. ‘मोबाइल काढून घ्या’ हे ते वाक्य असेल, तर पुढचे मूल सांगायला येणार नाही.

काही ठिकाणी हा तिसरा माणूस मुद्दाम पुन्हा उभा केला आहे. ब्रिटनमध्ये २०१६ पासून बँकेतल्या कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण देतात, की कोणी गिऱ्हाईक घाबऱ्या-घाबऱ्या नेहमीपेक्षा मोठी रक्कम काढू लागले तर त्याला शांतपणे चार प्रश्न विचारायचे आणि संशय आल्यास पोलिसांना बोलवायचे. भारत सरकारने जून २०१६ मध्ये विवाहाच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नोंदणी करणाऱ्याच्या ओळखीच्या पुराव्याची अपेक्षा आहे. आणि १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे गेल्यावर तेथे ताबडतोब फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. दोन दिवस लाजेत काढले तर ती फारच कमी होते.

पलीकडे कोण आहे?

गेल्या काही वर्षांत या धंद्याचे कारखाने झाले आहेत. चिनी ठगांच्या बोलीत एका पद्धतीला ‘शा झू पान’ म्हणतात, म्हणजे डुकराला खाऊ घालून पुष्ट करायचे आणि मग कापायचे. प्रेम जमवायचे, बनावट गुंतवणुकीत आधी थोडा नफा दाखवायचा, मग सारी बचत ओढून घ्यायची. म्यानमार आणि कंबोडियात यासाठी कुंपण घातलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना अशा कामाला जबरदस्तीने जुंपले गेले असावे. हर्लीच्या गणितातले महागडे तास स्वस्त करण्याचा हा सर्वांत क्रूर मार्ग.

मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाची विमाने थायलंडमधील माए सोत येथून अशा वसाहतींतून सुटलेल्या भारतीयांना घेऊन आली. १० तारखेला २८३ आणि ११ तारखेला २६६. संगणकावरच्या नोकरीची जाहिरात पाहून गेलेली ही तरुण मुले होती. मुलाखत व्हिडिओवर झाली होती, नेमणुकीचे पत्र मोबाइलवर आले होते, विमानाचे तिकीटही मिळाले होते. बँकॉकला उतरल्यावर गाडीतून त्यांना सीमेपलीकडे नेले, पारपत्रे काढून घेतली, आणि प्रत्येकाच्या हाती एक फोन, एक खोटे नाव आणि पाठ करायची प्रेमाची वाक्ये दिली.